ताटापुरतं पथ्य

वनिताला कुणी 'कशी हायेस गं' म्हणून विचारलं, तर ती 'हाय' एवढंच म्हणायची. चांगली, वाईट, बरी असं पुढे काही जोडत नसे. साजगावच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ती चपात्या लाटायची. पहिल्या पाळीची माणसं जेवायला बसायच्या आत चपात्यांचे ढीग लागलेले असत, आणि दुसऱ्या पाळीची कणीक परातीत पडलेली असे. दिवसभर तव्याची धग एकाच बाजूनं लागायची, त्यामुळे तिचा डावा गाल उजव्याहून काळा पडला होता. घरी आल्यावर पुन्हा परात, पुन्हा तवा. दमण्याला ती दुखणं मानत नसे. पावसाळ्यात भिंतीला ओल धरते, तसं ते. पुसायचं आणि पुढे चालायचं.

तिचं माहेर कर्जतच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. लग्न होऊन ती साजगावजवळच्या बौद्धवाडीत आली तेव्हा घरात सासू येसूबाई, नवरा रोहिदास आणि शाळेत जाणारी नणंद मनाली होती. सासरा आधीच गेला होता. दारूनं गेला, असं सगळे सांगायचे. पोटात पाणी झालं होतं आणि शेवटी शेवटी तो येसूबाईला ओळखेनासा झाला होता. ते बघितल्यापासून रोहिदासनं दारूला हात लावला नाही. हळदीत, वरातीत, बारशाच्या जेवणात, कुठंच नाही. तो दुसऱ्या एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा. लोखंडी पायपांचे गठ्ठे उचलून ट्रकात नेमके ठेवायचे, हे त्याचं काम. बोलणं कमी. लेक प्रिया बारावीला होती, मनाली लग्न होऊन शेलूच्या नव्या इमारतींमध्ये राहायला गेली होती. असं हे घर आपल्या गतीनं चाललं होतं.

मग कंपनीची वार्षिक तपासणी झाली आणि रोहिदासच्या लिव्हरचा आकडा वाढलेला निघाला.

पाळीतली पोरं हसली. "रोहिदासभाऊ, सकाळी बुद्धवंदना आन संध्याकाळी क्वार्टर काय?"

"मी घेत नाय, ठाऊक हाय ना तुमाला."

"मग लिव्हर काय ताक पिऊन सुजलं?"

तोही हसला. कंपनीच्या डॉक्टरांनी विचारलं, "किती घेता?" तो म्हणाला, घेत नाही. "रोज, का आठवड्यातून?" घेत नाही साहेब. "बरं, पण कमी करा." तेव्हा मात्र तो हसला नाही. खोपोलीत पुन्हा रक्त दिलं, आणि तिथून त्याला कर्जतच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. सोबत चुलतभाऊ किशोर होता. तिथं कळलं की दारूचा संबंध नाही. हिपॅटायटिस बी आहे. काविळीच्याच जातीचा आजार, पण डोळे पिवळे न करता रक्तात वर्षानुवर्षं बसून राहणारा.

तिथली डॉक्टर तरुण होती. तिनं नीट समजावून सांगितलं. ताट, पेला, एकत्र जेवण, हात लावणं, यानं हा पसरत नाही. रक्तातून पसरतो, सुईनं, ब्लेडनं, आणि नवराबायकोच्या संबंधातून. बायकोला तपासणीला आणा. मुलीला आणा. आईलाही आणा, कारण जन्मतानाच तिच्याकडून आलेला असू शकतो. बायकोची तपासणी आणि लस होईपर्यंत निरोध वापरा. असं म्हणून तिनं पाकिटं पुढे सरकवली. किशोर छताच्या पंख्याकडे बघायला लागला. रोहिदासही पंख्याकडेच बघायला लागला.

"काही विचारायचंय?" डॉक्टरनं विचारलं.

"नाय," रोहिदास म्हणाला.

तो घरी आला तेव्हा येसूबाई ओटीवर वाल सोलत बसली होती आणि वनिता भांडी लावत होती. हातपाय धुऊन, पाण्याचा पेला हातात घेऊन तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "उद्यापासनं माजं ताट-पेला वेगळा ठेव."

येसूबाईचा हात वालाच्या परातीत तसाच राहिला. "काय म्हनलास?"

"आजार हाय थोडा. लिव्हरचा. कुनाला लागू नये म्हनून."

"कुनाचं ताट वेगळं?"

"माजं गं आये."

"ह्या घरात?"

त्यानं पेला दुसऱ्या हातात घेतला. येसूबाई उठली. गुडघे धरत उठायला तिला वेळ लागला. तिची एक गोष्ट होती, ती घरातल्या सगळ्यांना ठाऊक होती. लहानपणी ती बापाबरोबर खालापूरच्या बाजाराला गेली होती. नाक्यावरच्या हॉटेलाबाहेर, वळचणीखालच्या फळीवर त्यांच्या लोकांसाठी कान तुटलेले कप ठेवलेले असत. आपणच घ्यायचा, आपणच विसळून परत ठेवायचा, चहा वरून ओतणार. येसूनं त्या दिवशी आतल्या टेबलावरच्या धड कपाला हात लावला होता. तिला मारलं ते हॉटेलवाल्यानं नाही, बापानं. बापानं आधी मारलं म्हणजे हॉटेलवाला मारत नाही, म्हणून. "त्याचा हात कापत व्हता मारताना," असं ती दर वेळी शेवटी सांगायची.

येसूबाईनं रोहिदासच्या हातातला पेला घेतला, त्यातलं उरलेलं पाणी गटागटा प्यायली आणि पेला रचलेल्या भांड्यांत ठेवून दिला.

"लागू दे मला. बघू दे काय लागतंय ते."

तिचं बरोबरच होतं. पेल्यानं काहीच लागणार नव्हतं, आणि हे त्या घरात फक्त रोहिदासला ठाऊक होतं. तरी तो रोज स्वतःचं ताट वेगळं काढून खिडकीत ठेवायचा. येसूबाई ते उचलून सगळ्यांत मिसळायची. ताटावरून मायलेकांची अशी झटापट चालायची, आणि कँटीनमध्ये दिवसभर उभी राहून आलेली वनिता मधेच म्हणायची, "कशातबी वाढते, पन बसा."

त्याच आठवड्यात रोहिदासनं आपली वळकटी ओटीवर नेली. आत उकडतं, म्हणाला. माघाचे दिवस होते. डोंगरावरून येणारं वारं पहाटे असं झोंबायचं की कुत्रं चुलीच्या राखेत येऊन बसायचं. वनितानं एक जादा गोधडी त्याच्या पायथ्याशी ठेवली. काही विचारलं नाही.

विचारलं नाही, पण मनात आलं नाही असं नव्हतं. कँटीनमध्ये तिच्या शेजारी ठकी भाजी चिरायला बसायची. वरच्या ठाकूरवाडीतली, तोंडाची फटकळ, हसली की सगळं कँटीन वळून बघायचं.

"वने, तुजा मानूस व्हटीवर निजतो म्हनं?"

"तुला कुनी सांगितलं?"

"तुज्या सासूनं. नळावर. लेकाला कावीळ झाली म्हनत व्हती." ठकीनं कांद्याचं बूड उडवलं. "कावीळ असंल तर माजा सासरा हाय की शुक्रा. माळ घालतो. लांबलांबनं मानसं येत्यात. आन कावीळ नसंल, तर मंग बघ बाय तुजी तू."

"काय बघू?"

"व्हटीवर निजनारा मानूस एक तर भांडलेला असतो, नायतर भरलेला असतो."

बायका फिस्सकन हसल्या. वनिताही ओठ हलवून हसली आणि चपाती उलटली. मग दिवसभर ते वाक्य तिच्याबरोबर राहिलं. भरलेला. रोहिदासच्या कंपनीच्या दाराशी एक बाई चहाची टपरी चालवायची, ती तिला आठवली. मग दोन वर्षांपूर्वी तो कामासाठी महिनाभर गुजरातला गेला होता ते आठवलं. मग तिनं आठवणं सोडून दिलं. संशय घ्यायचा म्हणजे पाळत ठेवायची, रडायचं, ओरडायचं. त्याला अंगात जोर लागतो, आणि तिचा जोर कणकेत जात होता.

येसूबाई रोहिदासला ठाकूरवाडीत घेऊन गेली ती एका रविवारी. तो गेला, कारण 'नको' म्हटलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं. म्हाताऱ्या शुक्रानं त्याचे डोळे खाली ओढून बघितले, नखं बघितली, आणि कसल्याशा वेलीच्या बारीक काड्यांची माळ त्याच्या डोक्यावर ठेवली. पुढच्या काही दिवसांत माळ डोक्यावरून गळ्यात आली, गळ्यातून छातीवर, छातीवरून पोटावर. काड्या सुकतात तशी ती सैल होत लांबत जाते, कुणाच्याही गळ्यात घातली तरी. पण माळ उतरली की कावीळ उतरली, असं या भागात म्हणतात. येसूबाईनं ती उतरलेली माळ नदीत सोडली, वाडीत गूळ वाटला, आणि संध्याकाळी खिडकीतलं ताट आत आणून सगळ्यांच्या ताटांखाली, अगदी बुडाशी ठेवलं.

"झालं? आता जेव गपगुमान."

रोहिदास त्या ताटात जेवला. जेवून उठला, आणि वळकटी घेऊन ओटीवर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा वनिताला मोटरसायकलवरून तिच्या कामावर सोडायला निघाला. गाडी वाडीच्या बाहेर पडली. मग ती त्याच्या पाठीला म्हणाली,

"ताट आत आलं. तुमी कवा येनार?"

हेल्मेट हललं नाही.

वळणावर एक लांबलचक ट्रेलर कारखान्याच्या फाटकात उलटा घालत होते. पुढे मागे, पुढे मागे. क्लीनर पत्र्यावर थापा मारत होता, इंजिन गुरगुरत होतं, दोन्हीकडे गाड्या थांबल्या होत्या. रोहिदासनं पाय टेकले. वनिता मागूनच म्हणाली, "कोन हाय ती? नाव सांगा फकस्त. मला भांडायला येळ नाय, कनीक मळायचीय."

"कोन नाय."

"मग?"

तो काहीतरी बोलला. ट्रेलरच्या आवाजात ते विरून गेलं.

"काय?"

"तुजं रक्त तपासायचंय!"

"माजं कशाला? मला काय धाड भरलीय?"

"माज्या रक्तात हाय ते... ते आपल्यातनं जातं."

"आपल्यातनं म्हंजे?"

"आगं आपल्यातनं!"

"म्हंजे कशातनं?"

"निजल्यावर!" रोहिदास ओरडला, आणि त्याच क्षणी ट्रेलरच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

फाटकावरचा वॉचमन, टपरीवरची माणसं, क्लीनर, सगळ्यांनी वळून पाहिलं. वनिता उतरली. पदर डोक्यावर घेतला आणि रस्त्याच्या कडेनं चालायला लागली. रोहिदास गाडी ढकलत तिच्या मागून आला. हेल्मेट काढायचं त्याला सुचलं नव्हतं.

"किती दिस झाले तुमाला कळून?"

"कर्जतला गेलो तवापासनं."

"डाक्टरनं सांगितलं?"

"हां."

"आन तुमी ताट वेगळं केलंत." ती थांबली. "ताटानं लागतो?"

"नाय."

"मग ताट कशाला?"

रोहिदासनं काच वर केली. आतले डोळे रात्रपाळीच्या माणसासारखे लाल होते. "ताट म्हनता येतं गं," तो म्हणाला. "आयेसमोर, पोरीसमोर. ताट वेगळं झालं की अंथरूनबी आपसूक वेगळं व्हईल, कोन इचारनार नाय, असं वाटलं."

त्या दिवशी वनिताच्या बऱ्याच चपात्या करपल्या. ठकी म्हणाली, "आज ध्यान कुटं हाय?" वनितानं करपलेली चपाती बाजूला टाकली. लाटणं चालवता चालवता ती एकच हिशेब करत होती. तो आता लांब झोपतो, पण इतकी वर्षं लांब नव्हता. म्हणजे जे व्हायचं ते आपल्यात केव्हाच झालं असेल. कदाचित प्रियातही.  आणि त्या हिशेबाच्या खाली दुसरा प्रश्न होता, तो जागचा हलत नव्हता. ह्यांच्यात तरी कुठून आलं?

ती, रोहिदास आणि प्रिया कर्जतला गेले. समुपदेशनाच्या खोलीत हर्षला नावाची बाई होती, साधारण वनिताच्याच वयाची. टेबलावर तिचा अर्धा राहिलेला डबा होता. तिनं मायलेकींचं रक्त घेऊन प्रियाला बाहेर बसवलं आणि मग दोघांना एकेक गोष्ट विचारली, बाजारात भाजीचा भाव विचारावा इतक्या सहज. त्यामुळे उत्तरं देणंही त्यामानानं सोपं गेलं.

"ताई, एक इचारू?" वनिता म्हणाली. "ह्यांच्यात कुठनं आलं, ते कळंल?"

"नाही कळणार. कधी जन्मतानाच आईकडून येतो. कधी सुई, कधी न्हाव्याचा वस्तरा, कधी दात काढताना. कधी संबंधातून. रक्तावर तारीख नसते लिहिलेली."

"मी कुटं गेलो नाय," रोहिदास म्हणाला. तो हर्षलाकडे बघून म्हणाला, वनिताकडे नाही.

"मी तसं म्हटलं नाही दादा. आईंना आणा एकदा. त्यांच्यात असेल तर बहुतेक तिथूनच आलं, असं तरी म्हणता येईल."

मायलेकींचा निकाल यायच्या मधल्या दिवसांत वनिता रोज कामाला गेली. प्रियाची वेणी घालताना तिच्या मानेवरची निळी शीर दिसली की तिचा हात थबकायचा. कँटीनच्या मुकादमाला कळलं तर तो आपल्याला पिठाला हात लावू देईल का, असंही मनात यायचं. हर्षलानं सांगितलं होतं की स्वयंपाकातून काही होत नाही, पण मुकादमाला ते कोण सांगणार?

निकाल आला. दोघींच्या रक्तात आजार नव्हता. आजाराला अडवणारंही काही नव्हतं. दोघींना लस टोचली. दुसरी महिन्यानं, तिसरी सहा महिन्यांनी, असं सांगितलं. वनिताचे तिन्ही डोस पुरे होऊन पुन्हा तपासेपर्यंत निरोध, आणि घरात एकमेकांचं ब्लेड, दात घासायचा ब्रश वापरायचा नाही. बाकी सगळं पहिल्यासारखं. रोहिदासला पुढच्या तपासण्या होत्या, त्यावरून औषध लागेल का ते ठरणार होतं. "पुष्कळ माणसं यासोबत नीट जगतात," हर्षला म्हणाली. वनितानं मान डोलावली. बाहेर येऊन ती बाकावर बसली, आणि बराच वेळ तिला उठावंसंच वाटलं नाही. सुटका झाली म्हणजे हलकं वाटतं म्हणतात. तिला फक्त झोप येत होती.

आता काय ते सगळ्यांना ठाऊक होतं, तरी रोहिदास ओटीवरच राहिला. आत ये, असं वनितानं म्हटलं नाही. तो डबा घ्यायचा, ती डबा द्यायची. मोटरसायकलवर ती मागे बसायची, हात स्वतःच्या मांडीवर. येसूबाईला कर्जतला चला म्हटलं, तर ती उसळली.

"माज्या रक्तात काय बघायचंय? मीच लेकाला विटाळ दिला, असं म्हनायचंय का तुमाला?"

"विटाळ कोन म्हनतंय आई?"

"मग काय म्हनत्यात त्याला?"

वनितानं पुन्हा विचारलं नाही. मनधरणी करायचीही ताकद नव्हती. पण येसूबाईला डोळे होते. सून लेकाशी बोलत नाही, जेवताना दोघं दोन भिंतींकडे बघतात, हे तिला दिसत होतं. एका संध्याकाळी वनिता भाकरी थापत असताना ती चुलीपाशी येऊन बसली.

"तू त्याला इचारलंस?"

"काय?"

"जे तुज्या मनात हाय ते."

"इचारलं. नाय म्हनले."

"तुला खरं वाटत नाय."

वनितानं भाकरी तव्यावर टाकली. "खरं वाटावं असं लई वाटतं, आई. पन वाटत नाय. काय करू?"

येसूबाई विस्तवाकडे बघत राहिली. "माज्यात निघालं, तर तुज्या मनातलं जाईल?"

खोटं बोलायचं तर हीच वेळ होती. नाही, तुमी कशाला मनाला लावून घेता, असं म्हणता आलं असतं.

"जाईल," वनिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी येसूबाई पांढरं लुगडं नेसून तयार होती. रक्त देताना तिनं सुईकडे रोखून बघितलं, आणि निकालाच्या दिवशी हर्षलासमोर हात जोडून बसली, जणू तिथं काही मागायचं होतं.

तिच्यात निघालं.

"बहुतेक फार जुनं आहे, आजी," हर्षला म्हणाली. "तुमच्याकडून मुलात गेलं असावं. यात तुमचा काही दोष नाही."

 इतके दिवस आपण श्वास अर्धाच घेत होतो, हे वनिताला तेव्हा कळलं. ती टपरीवाली, ते गुजरात, ती ओटी, सगळं एकदम साधं झालं. आणि शेजारी सत्तरीची बाई स्वतःच्या हाताच्या शिरा न्याहाळत बसली होती. तिच्या आजारानं आपल्याला आनंद झाला, याची वनिताला लाज वाटली. पण आनंद झाला होता, तो होताच.

"माज्यात कुटनं आलं मग?" येसूबाईनं विचारलं.

"ते नाही सांगता येणार. तुमच्या आईकडून असेल. तुमच्या यजमानांकडून असेल. ते आहेत?"

"पोटात पानी होऊन गेले."

हर्षलानं पेन खाली ठेवलं. "दारू घ्यायचे?"

"घ्यायचे. समदी म्हनली, दारूनं गेले. मीबी तेच म्हनले. मेल्यावरबी त्यांना बोल लावला मी." येसूबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मला कवा कुनी कायच सांगितलं नाय गं."

"दारूनंही गेले असतील, आजी. आता नक्की कळायचं नाही. पण तुमची बाकीची मुलं? त्यांनाही तपासून घ्या. मुलगी आहे ना एक? तिला आणि जावयांना."

पुढच्या तपासण्यांसाठी येसूबाईचं पुन्हा रक्त घेतलं, आणि दोघी बाहेर आल्या. नाक्यावर खोपोलीच्या बाजूला जाणारी शेअर रिक्षा भरत होती. मागे आधीच एक बाई भाजीची पिशवी घेऊन बसली होती, पुढे ड्रायव्हरशेजारी एक म्हातारा टोपीवाला. आणखी एका माणसासाठी ड्रायव्हर ओरडत होता. येसूबाई आत सरकली, वनिता तिच्या कडेला बसली.

"फोन लाव मनालीला."

"घरी जाऊन लावू, आई. हितं मानसं हायेत."

"घरी गेल्यावर माजं तोंड व्हनार नाय. लाव."

वनितानं फोन लावून दिला. येसूबाई फोनवर नेहमीच असं बोलायची, की शेलू हाकेच्या अंतरावर असावं.

"मनाली? मी आये. जेवलीस? काय केलंवतंस? ...बरं, आइक आता. माज्या रक्तात आजार निघालाय. दादाला माज्यातनंच गेला. तुलाबी गेला असंल. रक्त तपासून घे. जावयालाबी ने. काय? ...आगं मी कुटं मरत्ये, मला काय व्हत नाय. तू तपासून घे. आन तपासंपातूर..."

ती थांबली. पुढच्या म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली. ड्रायव्हर आरशातून बघत होता. वनितानं पायांकडे नजर लावली.

"तपासंपातूर नवऱ्यासंगं निजायचं, तर ते रबरी असतंय ना, ते वापरून निज! त्याच्यातनं जातो आजार. समजलं का? लाजू नको. तुज्या भावानं लाज धरली आन घरात नुसता घोळ झाला."

 मग भाजीवाली बाई पिशवी मांडीवर घेत हळूच म्हणाली, "बरोबर सांगताय आजी." म्हातारा बाहेर बघायला लागला. ड्रायव्हरनं आणखी माणसाची वाट न बघता किल्ली फिरवली.

येसूबाईनं फोन वनिताकडे दिला. "घे. तिला कायबी कळंना."

"वहिनी," मनालीचा आवाज घाबरा झाला होता, "आईला काय झालंय? ती काय बोलत्येय हे?"

"आई बरोबर बोलतात. घाबरू नको. लस असते, मी घेतली. समदं पयल्यापासनं सांगते तुला."

"आणि दादा? तो कसाय?"

वनितानं शेजारी बघितलं. येसूबाई डोळे मिटून मागे टेकली होती. तिच्या हातावरच्या सुईच्या जागी चिकटवलेला कापूस अर्धा सुटला होता. वनितानं तो अंगठ्यानं दाबून नीट बसवला.

"दमलेत. गारठलेत पार. आज त्यांना आत निजायला सांगनार हाय."

"काय? ऐकू नाय आलं!"

रिक्षा खड्ड्यातून आदळत रस्त्याला लागली होती. वनितानं फोन कानाशी गच्च धरला आणि आवाज चढवला.